जाऊबाईंचे डाग आणि माझं लिंबू

जाऊबाईंच्या तोंडावरचे डाग घालवायचं काम माझ्याकडे कसं आलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. मी काही डॉक्टर नाही, पार्लरवाली तर नाहीच नाही. अमरावतीला राजापेठेत राहते, एका शाळेच्या ऑफिसात जन्म काढला आणि आता घरी बसून दुसऱ्यांच्या भानगडीत डोकं घालते. पण सासरच्या सगळ्या गोतावळ्यात पदवीपर्यंत शिकलेली बाई मी एकटी. त्यामुळे कुणाचा बँकेचा फॉर्म असो की कुणाच्या गुडघ्याचा एक्स-रे, तो आधी माझ्या हातात येतो. मला त्यातलं कळतं असं सगळ्यांना वाटतं, आणि कळत नाही हे सांगायची मला लाज वाटते. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. त्या दिरांना आमच्याकडे भासरे म्हणतात. अकोल्यापासून अर्ध्या तासावर गाव आहे, तिथलं वावर हे दोघं पाहतात. कागदावर अर्धं वावर आमचं आहे, पण आमचे हे नोकरीच्या मागे अमरावतीला आले ते आलेच. वांगी, मेथी, कांद्याची पात आणि बांधाच्या अंगाला लिंबाची बाग. पहाटे तोडलेली भाजी घेऊन जाऊबाई अकोल्याच्या जठारपेठेत बसतात, दहा-साडेदहाला परत येतात आणि मग दिवसभर वावरात. अशी तीस वर्षं झाली. छप्पन्न वय असेल त्यांचं. गालाच्या हाडांवर, कपाळावर, दोन्ही हातांच्या पाठीवर तपकिरी-काळे डाग, कुठे तुरीच्या दाण्याएवढे, कुठे त्याहून मोठे. मी ते हजारदा पाहिले असतील, पण खरं सांगते, मला ते कधी दिसले नव्हते.

त्यांनाही ते दिवाळीपर्यंत दिसले नव्हते. माझा पुतण्या, म्हणजे त्यांचा मुलगा, बत्तीस वर्षांचा. शिकलेला, निर्व्यसनी, दिसायला चांगला, पण वावर करतो. आणि आजकाल वावर करणाऱ्या पोराला पोरगी मिळणं किती कठीण झालं आहे, ते आमच्या भागात कुणालाही विचारा. दोन स्थळं आधी गेली. तिसरं दिवाळीच्या सुमारास आलं. मुलगी आणि तिची मावशी घर पाहायला आल्या, चहा झाला, हळदीकुंकू झालं. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाने निरोप आणला की नाही म्हणतात. का म्हणून विचारलं, तर त्या शहाण्याने जसंच्या तसं सांगून टाकलं. मावशी म्हणाली म्हणे, सासूचं तोंड पाहिलं काय, तीस वर्षांनी आपल्या पोरीचंही असंच व्हायचं.

खरं कारण नोकरी नसणं हेच असणार. मी शंभरदा म्हटलं तसं. पण जाऊबाईंनी ते वाक्य उचललं आणि मनात घट्ट बांधून ठेवलं.

मग माघात चांदूर रेल्वेचं स्थळ आलं आणि जमलंसुद्धा. मुलगी बीएस्सी झालेली, आमच्या राजापेठेतल्याच एका ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवायची, रोज येऊन-जाऊन करायची. वडलांचं स्टेशनजवळ स्टेशनरीचं दुकान. तिने शेतकरी मुलाला हो का म्हटलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही सगळे चांदूरला गेलो, तर जाऊबाई पदर कपाळाखाली ओढून कोपऱ्यात बसलेल्या. मुलगी वाकून पाया पडली, तर यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तोंड बाजूला वळवलं. मी पाहिलं ते. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

परतल्यावर दोन दिवसांनी त्यांचा फोन.

"तू शिकलेली आहेस. माह्या तोंडावरचे हे डाग जातीन असं काही सांग. लग्न वैशाखात आहे, तवरक गेले पाहिजे."

"काहून बाई? इतके दिवस काही नाही, आताच?"

"सूनमुख आहे ना."

सूनमुख म्हणजे आमच्या लग्नातला शेवटचा छोटासा विधी. सासू नव्या सुनेला जवळ घेऊन बसते, तिच्या तोंडात साखर घालते आणि दोघी एका आरशात पाहतात. पाच मिनिटांचं काम. माझ्या सासूने केलं तेव्हा तिला आरशात धड दिसतही नव्हतं, चष्मा घरी राहिला होता.

"एका आरशात दोन तोंडं दिसतीन," जाऊबाई म्हणाल्या. "तिचं आजचं आन त्याच्या बाजूले माह्यं. तिले कळन ना मंग, आपलं काय होणार हाये ते. थे राहीन काय आमच्या घरी?"

"डाग पाहून कोणी संसार मोडत नसते बाई."

"मोडते. मांडायच्या आधीच मोडला ना दिवाळीत."

बघते म्हणाले आणि फोन ठेवला.

आता बघायचं म्हणजे काय? मी आधी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, हे वांग आहेत, बाळंतपणाचे. छप्पन्नाव्या वर्षी कुठलं बाळंतपण? दुसरीने सांगितलं पोट साफ नसलं की होतं, एरंडेल द्या. काष्ठौषधीच्या दुकानातल्या माणसाने माझ्याकडे न पाहताच पित्त म्हणून सांगितलं. माझ्या मुलीने पुण्याहून कळवलं की हे वयाचे डाग, उन्हाने येतात. मग तिने मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवले आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. एक बाई म्हणते मसुरीचं पीठ कच्च्या दुधात कालवून लावा, दुसरी म्हणते पीठ घासलं तर डाग वाढतात. एक म्हणते जायफळ उगाळून लावा, दुसरी म्हणते जायफळाने आग होते. बटाट्याची चकती, ताक, कोरफडीचा गर, सावलीत वाळवलेली संत्र्याची साल, पिकलेली पपई. एकजण लिंबू आणि मध सांगतो, त्याच्या खालचाच लिंबाला हात लावू नका म्हणून ओरडतो. दोघांचेही चेहरे लोण्यासारखे. मी तीन दुपारी हे पाहत बसले, आणि चौथ्या दुपारी मी स्वतःच्याच गालावरचा एक डाग आरशात शोधत होते.

शेवटी ज्याने निदान नुकसान होणार नाही असं मला वाटलं ते एका कागदावर लिहिलं आणि पुतण्याबरोबर पाठवून दिलं. सकाळी ताक, संध्याकाळी कोरफड, एक दिवसाआड मसुरीचं पीठ, हलक्या हाताने. जाऊबाईंनी तो कागद देवघराशेजारी चिकटवला. दोन आठवडे नेमाने सगळं केलं. मी फोन केला की एकच उत्तर, "गार लागते. बाकी काही नाही."

भासऱ्यांचा वेगळाच त्रास. "हिनं मसुरीची डाळ तोंडाले लावली सारी," त्यांनी मला फोनवर सांगितलं. "मी वरण कायचं खाऊ?"

त्याच सुमारास ती होणारी सून एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर माझ्याकडे आली. दारात उभी राहिली तर मला कोण ते कळेचना. आमच्या राजापेठेतल्या सगळ्या पोरी गाडीवर तशाच फिरतात, स्कार्फने डोकं, कपाळ, नाक, मान, सगळं गुंडाळून फक्त डोळे उघडे, आणि हातात कोपरापर्यंत मोजे. मी तिला म्हटलं, काय गं, हे उन्हासाठीच ना? ती म्हणाली, हो काकू, नाही बांधला तर आठ दिवसांत डाग पडतात. मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. मी तिच्याकडून तो कसा बांधायचा ते शिकून घेतलं. कुणासाठी ते काही सांगितलं नाही.

जाताना तिने विचारलं, "आई कशा आहेत? साक्षगंधात काही बोलल्याच नाहीत माझ्याशी."

"त्यांचा स्वभावच तसा आहे," मी म्हटलं. आता कबूल करते, जाऊबाईंसारखी बोलकी बाई अख्ख्या जठारपेठेत नसेल.

मी दोन सुती स्कार्फ घेतले आणि अकोल्याला जाऊन जाऊबाईंना बांधून दाखवले. त्यांनी चार दिवस बांधले. पहिल्याच दिवशी जठारपेठेत त्यांची रोजची गिऱ्हाइकं समोरून निघून गेली. एका बाईने तर त्यांनाच विचारलं, इथं बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी आज आल्या नाहीत का? दुपारी वावरात भासरे लांबून ओरडले, "कोन पाहिजे बाई? इथी कोणी नाही." पाचव्या दिवशी जाऊबाईंनी स्कार्फ गोठ्याच्या खुंटीला टांगला. जीव गुदमरते म्हणाल्या. मीही आग्रह धरला नाही. मला वाटलं, त्याने पुढचे डाग येणार नाहीत फार तर, पण आहेत ते कसे जातील? आणि आम्हाला तर आहेत ते घालवायचे होते, तेही वैशाखाच्या आत.

चैत्र लागला. लिंबाचा तोडा सुरू झाला होता. एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि त्यांचा फोन आला.

"तुह्या कागदावर लिंबू काहून नाही? इथी सारे म्हणून राह्यले, लिंबानं डाग कटते. घरचं पोतं भरून पडलं हाये."

मला लिंबावाल्या दोन्ही व्हिडिओंची आठवण झाली. कुणाचं खरं ते मला माहीत नव्हतं. तसं सांगता आलं असतं. पण दोन महिने मी रोज हेच ऐकत होते, तव्यावर पोळी जळत होती आणि माहीत नाही हे शब्द माझ्या तोंडून जन्मात सहज निघालेले नाहीत.

"पाहा लावून," मी म्हटलं. "थोडं लावा."

थोडं म्हणजे किती, हे लिंबाच्या बागेत राहणाऱ्या बाईला काय सांगणार? आमच्याकडे लिंबू कधी चमच्याने वापरत नाहीत. सकाळी तोड्याला निघायच्या आधी त्यांनी ताजी लिंबं कापली आणि तांब्याचा गडू घासतात तसं तोंड आणि हात घासून काढले. धुतलं नाही. धुतलं तर गुण जाईल असं त्यांना वाटलं. मग तसंच दुपारपर्यंत बागेत लिंबं तोडली, चैत्रातल्या अकोल्याच्या उन्हात. दुसऱ्या दिवशी तोंड लाल झालं, तर त्यांना वाटलं, लागू पडून राह्यलं. म्हणून पुन्हा घासलं.

तिसऱ्या दिवशी पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला. "काकू, आईले पाहा," एवढंच म्हणाला आणि मोबाइल फिरवला. गाल सुजलेले, हातांवर पाणी भरलेले फोड, आणि लिंबाचा ओघळ जिथवर गेला होता तिथवर, हनुवटीपासून मानेपर्यंत, तांबडे पट्टे. मी पहिली मिळेल ती एसटी धरून अकोल्याला गेले.

जाऊबाईंना तिथल्या दवाखान्यात नेलं. कातडीच्या डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, पण बोलायला चांगल्याच खमक्या. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते म्हणाल्या, आणि भाजलेली जागा आधीपेक्षा काळी पडते. "लिंबू सरबतात घाला, तोंडाला नको. कुणी सांगितलं हे तुम्हाला?" जाऊबाई गप्प बसल्या. मीही गप्प बसले, त्याची मला अजून लाज वाटते.

मग त्यांनी भिंग लावून जुने डाग एकेक पाहिले. हे सगळे उन्हाचेच आहेत, घाबरायचं काही नाही, एखादा वेडावाकडा वाढायला लागला किंवा त्यातून रक्त आलं तर मात्र लगेच या, असं म्हणाल्या. मी त्यांना माझ्या कागदावरचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ताक, कोरफड लावा हवं तर, गार वाटेल, पण इतक्या वर्षांचे डाग त्याने दोन महिन्यांत जायचे नाहीत. घरगुती उपाय म्हणून विचाराल तर एकच, ऊन अडवा. दुपारी सावलीत बसा, तोंड झाका, हात झाका, मग आहेत तेही हळूहळू फिके होतील. मी म्हटलं, स्कार्फ? त्या म्हणाल्या, स्कार्फच. म्हणजे दोन महिन्यांत आम्ही केलेली एकच बरोबर गोष्ट गोठ्याच्या खुंटीला टांगलेली होती.

घरी आल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "चुकलं माझं बाई. मले माहीत नव्हतं, तरी सांगतलं."

त्या मलम लावत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "लिंबाचं जाऊ दे. थे तर आता झालं. आधीच्याचं काय? तुह्या वाटणीच्या वावरातलं ऊनही माह्याच तोंडावर पडलं ना."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण त्या मलम लावता लावता, हवापाण्याचं बोलावं तशा बोलल्या. दरवर्षी आमच्या घरी येणारी तुरीची डाळ, ज्वारी, हळद, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी घरी परत आले, आणि आरशात माझा गोरा गाल पाहून मला कसंसंच झालं. हे सगळं मला इतक्या वर्षांत का सुचलं नाही, तेही कळेना.

फोड बसले, पण जागा काळ्या पडल्या. पूर्वी डाग होते, आता पट्टे. वैशाखात अमरावतीला बस्ता ठरला, दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाची कापडं घेतात तो. जाऊबाई आल्या नाहीत. मीच सासूच्या जागी बसून साड्या उलगडायला लावल्या. मुलगी माझ्या शेजारी होती. तिने तीनदा विचारलं, आई का नाही आल्या? मी तीनदा सांगितलं, ताप आहे. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग दुकानदाराने समोर टाकलेली पहिलीच साडी घेतली. मला राग आला. म्हटलं, काय ही आजकालची पोरगी, लग्नाच्या साडीतही जीव नाही हिचा. जाऊबाईंना फोनवर तसं सांगितलंही. त्या घाबरल्या. "काही मनात आलं असन काय तिच्या? तिनं फोटो तर नाही पाह्यला माह्या?" मी म्हटलं, नाही बाई, कुठला फोटो. पण त्या रात्रंदिवस तेच घेऊन बसल्या. मुलीने दोनदा त्यांना व्हिडिओ कॉल लावला, दोन्ही वेळा यांनी मोबाइल भासऱ्यांच्या हातात दिला. भासरे बिचारे पाऊसपाण्याचं बोलले.

लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी मला बाजूला घेतलं. "सूनमुखाले तू बस," म्हणाल्या.

"मी कशी बसू? तुमी आहात ना."

"काकू बसली तर कोन काय म्हणते? तुह्यं तोंड साफ हाये. एकदा लग्न होऊन घरी आली, दोन-चार महिने राह्यली, मंग पाहीन माह्यं तोंड. तवरक जीव लागला असन."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. एक तर लिंबाचं ओझं माझ्यावर होतं. आणि दुसरं सांगायला नको, पण सांगते. मला मुलगा नाही, मुलगी आहे. सूनमुख माझ्या वाट्याला येणारच नव्हतं. मला बसावंसं वाटत होतं, आणि वाटतंय म्हणून लाजही वाटत होती. यातलं कुठलं खरं, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून मी हो म्हटलं.

लग्न चांदूरलाच, एका मंगल कार्यालयात लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. जाऊबाई सगळा वेळ माजघरासारख्या त्या मागच्या खोलीत मानपानाच्या साड्या मोजत होत्या. मग सूनमुखाची वेळ झाली. मी पाटावर बसले. कॅमेरावाल्याने दिवा लावला. कुणीतरी माझ्या हातात आरसा दिला, कुणीतरी साखरेची वाटी ठेवली. मुलीला आणलं. ती माझ्याजवळ आली, आणि बसलीच नाही.

"आई कुठे आहेत?" तिने विचारलं.

"कामात आहेत बेटा. बस तू."

"काम होऊ द्या. मी थांबते."

तिची आई तिला हळूच दटावू लागली. एक मामी म्हणाली, बस गं, मुहूर्त जाईल. ती उभीच. आवाज चढवून बोलली नाही, पण जागची हलली नाही. "आई बसणार नसतील तर मीही बसत नाही," म्हणाली. माझ्या हातात आरसा होता आणि तो कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं. मला वाटलं, संपलं. जाऊबाई ज्याला भीत होत्या ते आता, सगळ्यांसमोर होणार.

मी उठले. मागच्या खोलीत गेले आणि जाऊबाईंचा हात धरला. "चला," म्हटलं. त्या हात सोडवू लागल्या तर मी अख्ख्या जोराने ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी अशी वागले. त्या आल्या, पदर दातांत धरून, तोंड अर्धं झाकून. पाटावर बसल्या. मुलगी त्यांच्याजवळ बसली. मी आरसा पुढे धरला.

आरशात मुलीचं तोंड दिसत होतं आणि शेजारी पदर. जाऊबाईंनी खाली मान घालून साखर तिच्या ओठांकडे नेली. मुलीने साखर घेतली नाही. ती आरशात पदराकडे पाहत होती. मग ती हळूच बोलली. मी इतकी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं, कॅमेरावाल्याला नसेल आलं.

"आई, मी तुम्हाला पसंत नाही का?"

जाऊबाईंनी मान वर केली.

"साक्षगंधाला तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. बस्त्याला आल्या नाहीत. फोनवर आल्या नाहीत. आज सकाळपासून पाहिलं नाही. मी परवा घरी सांगत होते, लग्न नको म्हणून. ज्या घरात आईच तोंड फिरवते तिथे मी कशी राहू?"

तीन महिने आम्ही दोघी जे होऊ नये म्हणून ताक-कोरफड आणि लिंबू करत होतो, ते त्यामुळेच व्हायला निघालं होतं. आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला खोटं उत्तर मी दिलं होतं. मी आरसा तेवढा धरून राहिले.

जाऊबाईंनी पदर सोडला. दातांतून सुटून तो खांद्यावर पडला. दिव्याच्या त्या पांढऱ्या उजेडात सगळं दिसलं, कपाळावरचे, गालावरचे, लिंबाचे पट्टे, मानेपर्यंत. त्यांनी मुलीची हनुवटी धरून तिचं तोंड आरशाकडून स्वतःकडे वळवलं.

"पसंत हायेस व माय," त्या म्हणाल्या. "माह्यं तोंड असं हाये म्हणून लपून राह्यली होती. पाह्य आता. नीट पाह्य, आन राहायचं का नाही थे सांग."

मुलीने पाहिलं. घाईने नाही, एकेक डाग पाहावा तसं पाहिलं. मग तिने जाऊबाईंच्या हातातली साखर खाल्ली.